साकुराचे धुके आणि औंधची प्रतिमासृष्टी

'निहोंगा' अर्थात जपानी शैलीचे चित्र ही संज्ञा परंपरेतून आपोआप आलेली नाही. पाश्चात्त्य तैलचित्रणाहून आपले वेगळेपण सांगण्यासाठी ती मेइजी काळात घडवली गेली. ओकाकुरा १९०२ साली कलकत्त्यास आले. १९०३ साली योकोयामा ताइकान व हिशिदा शुन्सो आले. त्यांच्या सान्निध्यात अवनींद्रनाथांनी जलरंगाची 'वॉश' पद्धती सिद्ध केली. भारतात आले ते धुके. साकुराचा बहर तिकडेच राहिला.

औंध संस्थानाने याच प्रश्नाचे विरुद्ध उत्तर दिले. स्वतः चित्रकार असलेल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी रविवर्म्याचा तैलरंगी वास्तववाद स्वीकारला. त्यांचे 'चित्ररामायण' १९१६ साली निघाले, संग्रहालय १९३८ साली उभे राहिले. तोक्योने माध्यम स्वदेशी ठेवले, औंधने आशय. दोन्ही निवडींमागे एकच वासाहतिक अस्वस्थता होती.

फूलही निरागस राहत नाही. ताइकानची 'रात्रीचा साकुरा' ही १९२९ ची चित्रकृती १९३० साली रोमच्या प्रदर्शनात राष्ट्राची प्रतिनिधी ठरली. पुढे युद्धकाळात गळती पाकळी सैनिकाच्या मृत्यूचे गौरवचिन्ह बनली. आज साकुरा रंगवणारा नवोदित जपानी चित्रकार हा अर्थभारही उचलतो.

औंध सातारा जिल्ह्यात, त्याच संस्थानातील आटपाडी आज सांगली जिल्ह्यात. या माणदेशी मुलखात निष्पर्ण पळस पेटतो, तोही क्षणभंगुरच. परंतु पुराणकथेला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या त्या चित्रदृष्टीत तो पार्श्वभूमीपलीकडे गेला नाही. जपानी शैलीकडून घ्यावयाचे ते साकुराचे फूल नव्हे; फुलाला चित्रविषयाची प्रतिष्ठा देणारी दृष्टी, आणि त्या प्रतिष्ठेची किंमत ओळखणारा विवेक.