एकेरी मार्गावरील दुहेरी सायकल वाहतूक

मोटारींसाठी एकेरी ठरवलेल्या रस्त्यावर सायकलींना दोन्ही दिशांनी जाऊ देण्याची व्यवस्था. ‘प्रवेश बंद’च्या लाल फलकाखाली ‘सायकली वगळून’ अशी पाटी लावली जाते. रस्ता रुंद असल्यास उलट दिशेसाठी वेगळा पट्टा आखतात. बेल्जियममध्ये जुलै २००४ पासून ३ मीटर वा अधिक रुंदीच्या एकेरी रस्त्यांवर ही सवलत द्यावीच लागते. नाकारायची तर सुरक्षेचे कारण हवे. जर्मनीत ती १९९७ मध्ये प्रयोग म्हणून आली आणि २००१ पासून कायम झाली. फ्रान्सने २००८ मध्ये ताशी ३० किमी वेगमर्यादेच्या भागांत ती लागू केली.

भारतात देशभर लागू अशी तरतूद नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येत साधी सायकल मोटार वाहन ठरत नाही. त्यामुळे २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८४ मध्ये घातलेला, वाहतुकीच्या उलट दिशेने वाहन चालवण्याचा गुन्हा तिला लागू होत नाही. म्हणून सायकलस्वार मोकळा सुटतो असे मात्र नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३३ रस्त्यावरील सर्व प्रकारच्या रहदारीचे नियमन करू देते. अमरावती शहरात हा अधिकार पोलीस आयुक्तांचा, अकोल्यात जिल्हा पोलीस अधीक्षकांचा. सवलतीसाठी नवा कायदा नको. एकेरी वाहतुकीच्या आदेशात सायकलींना वगळणारे एक वाक्य पुरते.

वऱ्हाडातील या दोन्ही शहरांचे जुने भाग मोटारींच्या फार आधीचे आहेत. अमरावतीचा परकोट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राजवटीत बांधला गेला. जवाहर गेटच्या आतल्या वाटा त्याच काळातल्या मापाच्या. अकोल्यात असदगड किल्ला आणि जुने शहर मोर्णा नदीच्या एका तीरावर, ताजनापेठ दुसऱ्या तीरावर, त्यामुळे सगळी रहदारी पुलांशी येऊन अडते. अशा ठिकाणी वन-वेचा वळसा दुचाकीवाल्याला थोड्या पेट्रोलचा पडतो. सायकलवरचा विद्यार्थी किंवा मजूर तो पायांनी भरतो, तेही पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या उन्हाळ्यात. मग तो ‘राँग साइड’ घुसतो किंवा उतरून सायकल ढकलत नेतो.

उलट येणारा सायकलस्वार आणि चालक एकमेकांना समोर दिसतात, ही या व्यवस्थेची जमेची बाजू. खरा धोका चौकात असतो, कारण आडव्या रस्त्याने येणारा चालक एकाच दिशेला पाहतो. उभ्या वाहनांची अचानक उघडणारी दारे आणि हातगाड्या हा दुसरा धोका. दोन्ही बाजूंना वाहने लावलेल्या बाजाररस्त्यावर नुसती पाटी लावणे धोक्याचे. तेथे आधी एका बाजूचे पार्किंग काढावे लागते.