आखूड चेंबरची बारा बोर बंदूक

नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसण्याची जागा (चेंबर) हल्लीच्या ७० मिमीऐवजी ६५ मिमी, म्हणजे अडीच इंची, असलेली जुनी छर्‍याची बंदूक. दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंडमध्ये घडलेल्या बहुतेक दुनळ्या याच मापाच्या आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी, मारेगाव, झरी जामणी या पट्ट्यात कापूस, तूर, सोयाबीन राखायचे तर रानडुक्कर आणि रोही यांच्याशी गाठ असते. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकार्‍याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मंजूर होऊ शकते. जनावर मारायला मात्र १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. ठासणीच्या बंदुकीला काडतूसच नसल्याने चेंबरचा प्रश्न उद्भवत नाही. तो उद्भवतो वारशाने आलेल्या दुनळीत.

आखूड चेंबरमध्ये ७० मिमीचे काडतूस घालण्याचा धोका फसवा आहे. काडतुसाची लांबी तोंड उघडल्यावर मोजतात. घडी घालून बंद केलेले ७० मिमीचे काडतूस न उडवता साठ मिमीच्या आसपासच भरते, त्यामुळे ते आखूड चेंबरमध्ये सहज जाते आणि बंदूक नीट बंद होते. चाप ओढला की घडी उलगडते, तोंड पुढच्या निमुळत्या भागात शिरते, छर्‍यांची वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. उडवलेल्या काडतुसाचे तोंड झिरझिरीत किंवा फाटलेले दिसले, तर हेच घडले असे समजावे. बंदूक एकदा फुटली नाही म्हणून ती निर्धोक ठरत नाही. सांधा हळूहळू ढिला पडतो.

माप नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूवर, चाचणीच्या शिक्क्यांत सापडते. १९५४च्या नियमांनुसार मारलेल्या इंग्लिश शिक्क्यांत अडीच इंची चेंबरला दर चौरस इंचावर ३ टन, पावणेतीन इंचीला सव्वातीन टन असा दाब कोरलेला असतो. काळ्या दारूसाठीच तपासलेल्या नळीत धूरविरहित दारू कधीही वापरू नये.

परदेशांत हौशी लोक अशा बंदुकांसाठी काडतुसे घरी भरतात: जुनी टोपी काढून नवी बसवणे, दारू, डाट, छर्रे, मग तोंड बंद करणे. ७० मिमीचे कवच कापून ६५ केले की घडीला जागा उरत नाही, म्हणून पुठ्ठ्याची चकती ठेवून काठ आत वळवतात. कवच कापले म्हणून आतला भार तोच ठेवणे प्राणघातक ठरू शकते; तो त्या मापासाठी तपासून छापलेल्या तक्त्यानुसारच ठरतो. भारतात मात्र दारूगोळा बनवायला कलम ५खाली स्वतंत्र परवाना लागतो. बंदुकीच्या परवान्यात ती मुभा नाही, आणि शेतकर्‍याने या फंदात पडूच नये. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ६५ मिमीची काडतुसे हाच त्याचा रास्त मार्ग; खोक्यावरचे माप आणि नळीवरचा शिक्का जुळवून घ्यावा, आणि शिक्का पुसट असेल तर परवानाधारक बंदूक-कारागिराकडून चेंबर मोजून घ्यावे.