संगणकाचे पुनरारंभचक्र

संगणक चालू केल्यावर परिचालन प्रणाली स्मृतीत पूर्णपणे भरली जाण्यापूर्वीच, किंवा ती भरली जाताच, संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि ही क्रिया अखंड चालू राहते. या अवस्थेस पुनरारंभचक्र (व्यवहारात ‘रीबूट लूप’) म्हणतात. या दोषात संगणक पूर्णतः निकामी झालेला नसतो. तथापि दोषाचे कारण पडद्यावर उमटण्यापूर्वीच तो पुन्हा प्रारंभाकडे वळतो. त्यामुळे दुरुस्तीचा इतिहास हा मुख्यतः हे चक्र थांबवून कारण वाचण्याच्या उपायांचा इतिहास आहे. मुंबई महानगराच्या सीमेवरील पनवेल (जि. रायगड) व त्याच्या परिसरात घरगुती संगणक ज्या परिस्थितीत रुजला, तीत या दोषाची बहुतेक सर्व कारणे एकत्र आलेली दिसतात.

स्वरूप व यंत्रणा : ‘बूट’ ही संज्ञा बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःलाच वर उचलण्याच्या कल्पनेवरून आली. विद्युत् पुरवठा सुरू होताच संगणकाच्या स्मृतीत परिचालन प्रणाली नसते. मुख्य फलकावरील कायम स्मृतीतील लहान आज्ञावली प्रथम स्मृती, कळफलक इ. घटकांची तपासणी करते व नंतर डिस्कवरील प्रणाली भरून घेते. १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या आयबीएम वैयक्तिक संगणकात ही व्यवस्था होती व पुढील सर्व सुसंगत संगणकांनी ती उचलली. वीजपुरवठ्याचा घटक योग्य विद्युत् दाब मिळाल्याची खूण मुख्य फलकास देतो. ही खूण मिळेपर्यंत सूक्ष्मप्रक्रियक थोपवून धरला जातो आणि चालू असताना ती लुप्त झाल्यास संगणक पुन्हा प्रारंभापासून निघतो. म्हणजे पुनरारंभ ही मुळात संरक्षक योजना आहे. मूळ दोष कायम राहिल्यास तिचेच चक्र बनते.

पनवेल व घरगुती संगणक : पनवेल नगरपालिकेची स्थापना १८५२ मध्ये झाली. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई वसविताना नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती उभारल्या. १९९८ मध्ये उपनगरी रेल्वे पनवेलपर्यंत आली. १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने संगणकाचे सुटे भाग सुलभ झाले, १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू झाली आणि महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने २००१ मध्ये सुरू केलेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे नोकरीच्या उमेदवारांना संगणकाची तोंडओळख आवश्यक वाटू लागली. मध्यमवर्गीय घरांत आलेला संगणक पुष्कळदा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातील सुटे भाग जोडून तयार केलेला असे. त्याच्या दुरुस्तीचा भार कंपनीच्या सेवाकेंद्रापेक्षा गल्लीतील दुरुस्ती करणाऱ्यावर पडे. महाराष्ट्रातील संगणक-सुरक्षा उद्योगाचे मूळही अशा दुरुस्तीत आढळते : मूळचे रहिमतपूरचे (जि. सातारा) कैलास काटकर यांनी पुण्यात गणकयंत्रांच्या दुरुस्तीपासून सुरुवात केली, त्यांचे बंधू संजय काटकर यांनी विषाणू काढणारी आज्ञावली लिहिली व त्यातून पुढे क्विक हील ही कंपनी उदयास आली.

वीज, हवामान व सुटे भाग : पनवेल वीज वितरणाच्या दृष्टीने महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाच्या व २००५ मधील त्याच्या विभाजनानंतर महावितरणच्या क्षेत्रात येते. त्या दशकात या क्षेत्रातील भारनियमन व विद्युत् दाबातील चढउतार नित्याचे होते. वीज अचानक गेल्यास हार्ड डिस्कवर चालू असलेले लेखन अर्धवट राहते व प्रारंभास आवश्यक अशी एखादी फाइल बिघडू शकते. वीज परत येताना होणारा दाबाचा उसळा वीजपुरवठ्याच्या घटकास दुबळे करतो. किनारी दमट हवा व पावसाळा यांमुळे स्मृतिपट्टीच्या धातूच्या संपर्कपट्ट्यांवर थर जमतो. पट्टी काढून ती खोडरबराने हलकेच घासण्याचा देशी उपाय त्यामुळेच गुणकारी ठरे. उन्हाळ्यात पंख्यावर साचलेली धूळ सूक्ष्मप्रक्रियकाचे तापमान वाढविते व ठराविक मर्यादेनंतर संगणक स्वतःला बंद करतो.

याच सुमारास एक जागतिक दोष भर घालीत होता. साधारणपणे १९९९ पासून काही वर्षे निर्माण झालेल्या अनेक विद्युत् विच्छेद्य धारित्रांतील द्राव सदोष होता. अशी धारित्रे वर्षा-दोन वर्षांत फुगत वा गळत आणि मुख्य फलकावरील दाब अस्थिर होई. फलकावरील धारित्रांचे सपाट माथे फुगलेले दिसणे, हे पुनरारंभचक्राचे डोळ्यांनी ओळखता येणारे लक्षण होय.

विषाणू व किडे : भारतात १९९० मध्ये आढळलेला ‘जोशी’ हा विषाणू प्रारंभविभागात शिरत असे, ५ जानेवारीस तो संगणक अडवून वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकलिखित करावयास लावी. त्याने संगणक थांबे. परंतु पुनरारंभाचा अनुभव घरोघरी पोहोचविला तो ११ ऑगस्ट २००३ रोजी प्रकटलेल्या ‘ब्लास्टर’ या किड्याने. विंडोज एक्सपी या प्रणालीतील एका सेवेचा दोष हेरून तो संगणकात शिरे. ती सेवा कोसळताच पडद्यावर साठ सेकंदांची उलटी गणना सुरू होई व संगणक पुन्हा चालू होई. दोष झाकणारी दुरुस्ती १६ जुलै २००३ रोजीच उपलब्ध झाली होती; पण दूरध्वनीच्या तारेवरून मिळणाऱ्या मंदगती इंटरनेटवर ती उतरवून घेण्यास काही मिनिटे लागत आणि साठ सेकंदांत संगणक बंद पडे. जोडणी तोडली की संगणक स्थिर राही. जोडणी केली की पुन्हा चक्र सुरू होई. एप्रिल २००४ च्या अखेरीस आलेल्या ‘सॅसर’ने हाच अनुभव दिला. ऑगस्ट २००४ मधील सुधारित आवृत्तीपासून संरक्षक भिंत मुळातच चालू ठेवण्यात आली.

निदान : विंडोज एक्सपीमध्ये गंभीर त्रुटी आल्यास संगणक आपोआप पुन्हा सुरू व्हावा, अशी मूळ योजना होती. परिणामी त्रुटीचा सांकेतिक क्रमांक दाखविणारा निळा पडदा क्षणात नाहीसा होई. प्रारंभी एफ-८ कळ दाबून मिळणाऱ्या सूचीतून हा स्वयंचलित पुनरारंभ बंद करणे, ही निदानाची पहिली पायरी मानली जाऊ लागली. चक्र कोणत्या क्षणी घडते, यावरूनही कारण शोधता येते. प्रणालीचे चिन्ह उमटण्यापूर्वीच संगणक वळत असल्यास वीजपुरवठा, स्मृती, उष्णता किंवा अडकलेली पुनरारंभाची कळ यांचा संशय घ्यावा. चिन्ह दिसत असताना वळल्यास हार्ड डिस्क, प्रणालीच्या फाइली वा नव्याने बसविलेली चालक आज्ञावली तपासावी. पूर्ण सुरू होऊन मग वळल्यास विषाणू किंवा आपोआप सुरू होणाऱ्या आज्ञावल्या कारणीभूत असण्याचा संभव अधिक. किमान घटकांवर चालणाऱ्या ‘सेफ मोड’मध्ये संगणक टिकला, तर दोष बहुधा आज्ञावलीचा असतो.

प्रत्यक्षात मात्र हा क्रम पुष्कळदा पाळला जात नसे. संपूर्ण डिस्क पुसून प्रणाली नव्याने बसविणे, म्हणजे ‘फॉरमॅट मारणे’, हा सर्वांत जलद व सरसकट उपाय झाला. त्यात दुकानाचे हिशेब, विद्यार्थ्यांचे प्रकल्प, लग्नमुंजींची छायाचित्रे नाहीशी होत. आणि दोष धारित्राचा वा स्मृतिपट्टीचा असल्यास चक्र पुन्हा उद्भवे. वस्तुतः अशा बहुतेक प्रसंगी डिस्कवरील माहिती शाबूत असते. डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडणे व माहितीची प्रत घेणे, एवढ्याने ती वाचविता येई. दुरुस्तीपूर्वी प्रत घेणे हा नियम अनेक कुटुंबे माहिती गमावल्यावरच शिकली.

अलीकडील स्वरूप : २००७ मधील विंडोज व्हिस्टापासून प्रारंभदुरुस्तीची स्वतंत्र व्यवस्था आली व विंडोज ८ (२०१२) पासून लागोपाठ फसलेल्या प्रारंभांनंतर ती आपोआप पुढे येऊ लागली, तथापि ही दुरुस्तीच कधीकधी न संपणारे चक्र बनते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा आज्ञावलीचे सदोष अद्यतन भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी प्रसृत झाले. ते ७८ मिनिटांत मागे घेण्यात आले, तरी जगातील सु. ८५ लाख संगणक बाधित झाले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांची प्रवेशपत्रे हातांनी लिहावी लागली. चक्रात अडकलेला संगणक दुरुस्ती उतरवून घेण्याइतका वेळ चालू राहण्याची खात्री नव्हती. त्यामुळे असंख्य संगणकांपाशी माणसाने जाऊन, सेफ मोडमध्ये एक फाइल पुसणे भाग पडले. ही आज्ञावली संस्थांसाठी असल्याने घरगुती संगणक बहुतांशी वाचले.

नव्या संगणकांत डिस्कवरील माहिती पुष्कळदा सांकेतिक रूपात साठविलेली असते. प्रणाली सुरू न झाल्यास ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली मागितली जाते. ती जपून ठेवलेली नसल्यास डिस्क दुसऱ्या संगणकास जोडण्याचा जुना उपाय निष्फळ ठरतो व शाबूत असलेली माहितीही मालकास परत मिळत नाही.