पाच मिनिटांची सरासरी

यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सरासरी म्हणजे काय हे गणिताच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही. खरिपाची पैसेवारी पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर त्याच्या गावाचे वर्ष ठरते. आणि ती ठरते निवडक शेतांतल्या पीककापणीवरून. नाल्याकाठचे त्याचे सोयाबीन वाहून गेले असेल, पण गावाच्या आकड्यात ते नाहीसे होते. आकडा खोटा नसतो, फक्त त्यात तो शेतकरी नसतो. संगणकांच्या जाळ्यावर नजर ठेवणाऱ्या प्रणालींचा इतिहास वाचताना ही पैसेवारी मला वारंवार आठवत राहिली.

जाळे उभारले की त्यावर लक्ष ठेवणारा लागतो. कोणते उपकरण चालू आहे, कोणते बंद पडले, कोणत्या तारेवर किती भार आहे, याची नोंद करणारी प्रणाली एका यंत्रावर चालते, आणि ते यंत्र केवढे घ्यावे हा प्रश्न वरवर निव्वळ खरेदीखात्याचा वाटतो. पण किती वेळाने विचारायचे, काय लिहून ठेवायचे आणि कधी पुसायचे, हे याच प्रश्नाच्या उत्तरात ठरते. दफ्तराचा इतिहास अभ्यासणाऱ्याने त्याकडे दुर्लक्ष करू नये.

प्रश्न जुना आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एरलांग या गणितज्ञाने १९०९ साली दूरध्वनीच्या भाराचे गणित मांडले. सगळे ग्राहक एकाच वेळी बोलत नाहीत. तेव्हा किती तारा पुरतील, हा त्याचा विषय. मात्र हे गणित एका ग्राहकाच्या सवयीवर उभे राहते, आणि सवयी देशागणिक बदलतात. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉटमध्ये सॅम पित्रोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच हेरले. पाश्चात्त्य देशांत घरोघरी दूरध्वनी होता, म्हणून एकेका जोडणीवर भार कमी. आपल्याकडे दूरध्वनी मोजके आणि त्यांवर अख्खी गल्ली अवलंबून. परदेशी केंद्रे भारतात गुदमरत, ती त्यांच्या आखणीत आपली गर्दी धरलेलीच नव्हती म्हणून. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूर येथे सी-डॉटचे पहिले ग्रामीण स्वयंचलित केंद्र सुरू झाले. १२८ जोडण्यांचे हे केंद्र वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हात चालावे असेच घडवलेले होते. मे महिन्यात यवतमाळात राहिलेल्या माणसाला यातले शहाणपण निराळे समजावून सांगायला नको.

जाळ्याच्या हजेरीची रीत मात्र बाहेरून आली. १९८८ साली एसएनएमपी नावाचा एक साधा करार ठरला : मध्यवर्ती यंत्राने दर थोड्या वेळाने प्रत्येक उपकरणाला हाक मारायची आणि त्याने आपले आकडे सांगायचे. वर्गात शिक्षक हजेरी घेतात तसेच. १९९४ मध्ये इंग्लंडातल्या लेस्टर येथील एका विद्यापीठात काम करणाऱ्या टोबी ओटिकरच्या वाट्याला बाहेरच्या जगाकडे जाणारी फक्त एक ६४ किलोबिटची तार होती. ती कुणी आणि कधी तुंबवली हे सगळ्यांना दिसावे म्हणून त्याने एमआरटीजी लिहिले. दर पाच मिनिटांनी हजेरी, आणि तिचा आलेख. या प्रणालीची खरी करामत विसरण्यात होती. पाच मिनिटांच्या नोंदी साधारण दोन दिवस टिकत, अर्ध्या तासाच्या सरासरी दोन आठवडे, दोन तासांच्या दोन महिने, आणि त्यापुढे दोन वर्षांपर्यंत फक्त दिवसाची सरासरी. १९९९ मध्ये त्यानेच केलेल्या आरआरडीटूलमध्ये हे तत्त्व पक्के झाले : नोंदवही कधीच वाढत नाही, नवे लिहायचे तर जुन्यावरच. त्या काळातल्या चकत्यांची ऐपत पाहता हा निर्णय चतुराईचाच होता.

आता हीच हजेरी आपल्या जिल्ह्यात घेऊन पाहू. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केलेली, पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेलेली योजना देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची. यवतमाळचे तालुके सोळा आणि ग्रामपंचायती बाराशेच्या आसपास, म्हणजे तालुक्याला सरासरी पंचाहत्तर. (पुन्हा सरासरी!) दर पाच मिनिटांनी प्रत्येकीकडून दहा आकडे घ्यायचे तर सेकंदाला चाळीस नोंदी. हे कोणतेही साधे यंत्र सहज पेलेल. देशभरासाठी हाच हिशेब सेकंदाला आठ हजारांवर जातो, आणि तिथे फिरणारी चकती धापा टाकू लागते, कारण विखुरलेल्या जागी ती सेकंदाला शे-दोनशे वेळाच लिहू शकते. म्हणून नोंदी आधी स्मृतीत साठवून मग एकगठ्ठा उतरवण्याची सोय आरआरडीटूलमध्ये २००९ साली आली.

खरी परीक्षा निराळ्याच दिवशी होते. रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीने एका तालुक्याची केबल तोडली असे धरू. पंचाहत्तर गावे एकाच क्षणी मुकी होतात. वर्गातला विद्यार्थी ‘हजर’ म्हणाला की शिक्षक पुढे सरकतात, पण जो बोलत नाही त्याच्यासाठी थांबावे लागते. प्रत्येक उपकरणाला वेगळे विचारायचे, पाच सेकंद वाट पाहायची, तीनदा हाक मारायची असा नियम असेल, तर एकामागून एक ही पंचाहत्तर गावे विचारण्यातच पावणेएकोणीस मिनिटे जातात. हजेरीची मुदत पाचच मिनिटांची. मग उरलेल्या पंधरा तालुक्यांच्याही नोंदी चुकतात, आणि सगळे सुरळीत असते तेव्हा नेमके टिपणारे यंत्र बिघाडाच्या दिवशी आंधळे होते. एकाच वेळी अनेक हाका मारता येतात, पण त्याला स्मृती आणि प्रक्रियक दोन्ही जास्त लागतात. आणि निविदेत असे वाढीव यंत्र मागितले की शांत दिवसांचे आकडे दाखवून ते हमखास कापले जाते.

या कोरड्या तंत्रात एक जागा मात्र कुणाही साहित्याच्या विद्यार्थ्याला थबकवील अशी आहे. भारतनेटमध्ये वापरलेल्या जीपॉन पद्धतीत ग्रामपंचायतीतले उपकरण आपली खबर तालुक्याच्या उपकरणामार्फत देते. त्याची वीज गेली, तर आत उरलेल्या क्षणभराच्या विजेवर ते एक शेवटचा निरोप पाठवते. अभियंते त्याला ‘अखेरचा उसासा’ अशा अर्थाच्याच नावाने ओळखतात. उसासा आला तर वीज गेली. न बोलताच गाव गप्प झाले तर बहुधा तंतू तुटला. भारनियमन आणि खोदकाम यांतला भेद या एका ओळीवर उभा असतो. मात्र तालुक्यात वीज गेली की सारे उसासे एकदम येतात, आणि ते लिहून घ्यायला पलीकडचे यंत्र तेवढे रुंद असावे लागते.

दोन वर्षांनी काय उरते ते पाहा. एखाद्या गावाची जोडणी रोज दुपारी दोन तास तुटते, नेमकी शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या आणि सातबारा काढण्याच्या वेळेला. पाच मिनिटांच्या नोंदीत ती दुपार स्पष्ट दिसते. दिवसाच्या सरासरीत उरते ते ९१.७ टक्के, आणि परीक्षेत एवढे गुण मिळवणाऱ्याला कुणी नापास म्हणत नाही. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे गेल्या काही वर्षांत मराठीत रुळलेले वाक्य ज्या माणसाला त्या दुपारी ऐकावे लागले, त्याच्याजवळ पुरावा म्हणून काहीच नसते.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये झाडासारख्या फांद्यांऐवजी वलयाकार मांडणी ठरली आहे, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसरीकडून वाट राहावी. त्यासाठी मंजूर रक्कम १,३९,५७९ कोटी रुपयांची. वर केलेल्या हिशेबाप्रमाणे आपल्या जिल्ह्याच्या नोंदी दिवसाला साडेचौतीस लाख होतात. एका नोंदीला सोळा बाइट धरले, काहीही पुसले नाही, कशाचीही सरासरी काढली नाही, तर वर्षाला सुमारे वीस जीबी. जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाची वर्षभरातली प्रत्येक दुपार बत्तीस जीबीच्या एका पेनड्राइव्हमध्ये मावते.