असील कोंबडा आणि त्याची राखण करणारे हात

जालना जिल्ह्यातील खेड्यांत घरांना आशीर्वाद देण्यासाठी फिरताना एक दृश्य आम्हांला वारंवार दिसते. ओसरीच्या कोपऱ्यात जुन्या टोपलीत भुसा पसरलेला असतो आणि त्यावर, दहा-बारा अंडी पोटाखाली घेऊन, खुडूक कोंबडी बसलेली असते. अंगणात एखादा उंच, ताठ मानेचा, लांब पायांचा कोंबडा फिरत असतो. त्याचा तुरा आखूड व दबलेला, पिसे अंगाला घट्ट चिकटलेली, नजर करारी. गावातली जाणती माणसे एका शब्दात सांगतात, ‘‘असील रक्ताचा आहे.’’

‘असील’ हा शब्द अरबी. त्याचा अर्थ शुद्ध, कुलीन. आपला ‘अस्सल’ हा शब्दही त्याच कुळातला. या कुलीन पक्ष्याचा इतिहास पाहू जाता तो राखणाऱ्या माणसांच्या इतिहासाशी येऊन पोहोचतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

कोंबडीचा मूळ पुरुष तांबडा रानकोंबडा, हे चार्ल्स डार्विनने १८६८ साली मांडले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने तो मूळ पुरुष आग्नेय आशियातील रानांत दाखवला. थायलंडमधील बान नॉन वाट येथे सापडलेली कोंबडीची हाडे इ. स. पूर्व १६५० ते १२५० या काळातली असल्याचे २०२२ साली संशोधकांनी मांडले. भातशेतीतील सांडलेल्या दाण्यांमागे हा पक्षी माणसाच्या दारी आला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आपल्या दक्षिणेचाही यात वाटा आहे. सह्याद्रीत राहणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून पाळीव कोंबडीला पिवळी कातडी मिळाली, हे २००८ साली सिद्ध झाले. अंगणातल्या कोंबडीचे पिवळे पाय ही त्या रानाची खूण होय.

असीलमध्ये रानाच्या अशा अनेक खुणा टिकून आहेत. त्याच्या रंगांना पाळणाऱ्यांनी नावे दिली : सोनेरी तांबडा तो पीला, पांढरा तो नूरी, काळा तो कागर, काळा-तांबडा तो याकूब. यांपैकी याकूब पाहिला की रानकोंबड्याची आठवण होते. असील अंडी थोडी देतो. परंतु त्याची मादी निष्ठेने खुडूक बसते, एकवीस दिवस अंडी उबवते आणि घारीची सावली पडताच पिले पंखांखाली घेते. हा गुण व्यापारी पांढऱ्या लेगहॉर्न कोंबडीतून जवळजवळ नाहीसा करण्यात आला आहे. ती वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते, पण ती उबवण्याचे काम यंत्रावर सोपवावे लागते.

मात्र या पक्ष्याची जोपासना झाली ती झुंजीसाठी, हे लपवण्यात अर्थ नाही. नवाब, जहागीरदार, गोरे अधिकारी या सर्वांना झुंजीचा नाद होता. लखनौच्या नवाबाच्या दरबारी कर्नल मॉर्डंट याने लावलेल्या झुंजीचे झोफनी या चित्रकाराने अठराव्या शतकात काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. आमचा जिल्हाही १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या मुलखात असीलचे कौतुक फार. संत ऑगस्तीन यांनाही हा मोह चुकला नाही. बाप्तिस्मा घेण्यापूर्वी, इ. स. ३८६ मध्ये, मिलानजवळ शिष्यांसह राहत असताना त्यांनी दोन कोंबडे झुंजताना पाहिले आणि थांबून पाहत राहिले. ‘दे ओर्दिने’ या ग्रंथात त्यांनी तो प्रसंग लिहून ठेवला आहे. पशूच्या हालचालीतही नियम व सौंदर्य दिसते, हे त्यांनी टिपले. त्याचबरोबर, असे दृश्य आपल्याला का खेचून घेते, असा प्रश्नही स्वतःला विचारला. तो प्रश्न आजही शिळा झालेला नाही. आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने झुंजी लावणे गुन्हा ठरवले आहे, आणि ते योग्यच आहे.

परंतु जो पक्षी झुंजीसाठी घडला, त्याची झुंज संपल्यावर जात का टिकली? याचे उत्तर आखाड्यात मिळत नाही. कोंबडा पुरुषांच्या मिरवण्याचा विषय होता. कोंबडीकडे कोणाचे लक्ष नव्हते. तिला खुराडे, मूठभर कण्या आणि मुंगसापासून राखण दिली ती बायकांनी. चांगल्या कोंबडीची अंडी शेजारणीच्या खुडूक कोंबडीखाली ठेवायची, तलंग अर्धलीने द्यायची आणि पिले वाटून घ्यायची, ही त्यांची रीत. अशा देवघेवीतून रक्त फिरत राहिले. गावातील काही घरांना कोंबडी वर्ज्य होती. तिला गावकुसाबाहेरच्या वस्त्यांनी थारा दिला. ज्यांना समाजाने कुळ नाकारले, त्यांच्याच अंगणात ‘कुलीन’ म्हणवला जाणारा पक्षी सांभाळला गेला. आमच्या धर्मग्रामांतील कितीतरी आज्या त्या वस्त्यांतल्या. मुलांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे त्यांनी अंडी विकून उभे केले. त्यांची नोंद कोणत्याही गॅझेटियरमध्ये सापडणार नाही.

आज बाजारात जो पांढरा ब्रॉयलर मिळतो, त्याच्यातही असीलचे रक्त आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कॉर्नवॉलच्या वॉल्टर गिल्बर्ट या सेनाधिकाऱ्याने असीलचा संकर करून ‘कॉर्निश’ जात निर्माण केली, असे सांगतात. अमेरिकेत १९४८ साली उत्तम मांसल कोंबडीसाठी झालेल्या स्पर्धेत कॉर्निशचा संकर विजयी झाला, आणि पुढच्या ब्रॉयलर वंशांत पित्याची बाजू कॉर्निशकडे आली. रुंद छाती आपल्याकडून गेली आणि सहा आठवड्यांत विक्रीस तयार होणारे पिलू होऊन परत आली.

मूळ जात मात्र संकटात आहे. २००६ साली नवापूरला आणि २०२१ साली शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी बर्ड फ्लूची साथ आली. अशा वेळी ठरावीक परिघातील सर्वच पक्षी मारावे लागतात. साथ रोखण्यास ते आवश्यक असते. पण कारखान्यातील पिले पुन्हा विकत आणता येतात, पिढ्यान्‌पिढ्या अंगणात वाढलेला वंश आणता येत नाही. दुसरे संकट शांतपणे येते. अधिक अंड्यांच्या आशेने सुधारित नर आणले जातात आणि दोन-तीन पिढ्यांत खुडूक बसणारी कोंबडी दिसेनाशी होते. रानातही हेच घडते. अस्सल रानकोंबडा विणीचा हंगाम संपल्यावर मानेची सोनेरी पिसे टाकून काळसर पिसे धारण करतो. गावठी कोंबड्यांशी संकर झाला की ही खूण लोपते. १९६०च्या सुमारास डेहराडूनच्या पायथ्याकडून काही रानकोंबडे शिकारीचा पक्षी म्हणून अमेरिकेत नेण्यात आले. तिथल्या रानांत ते रुजले नाहीत. पण त्यांचे काही वंशज तेथील काही अभ्यासकांनी हट्टाने वेगळे राखले, म्हणून ते रक्त टिकले.

असीलसाठीही असाच हट्ट हवा. हैदराबादचे कुक्कुट संशोधन संचालनालय आणि बरेलीजवळील इज्जतनगरची केंद्रीय संस्था त्याचे कळप राखून आहेत. तथापि जात खऱ्या अर्थाने जगते ती अंगणात. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. वस्तीत एक चांगला असील नर राखावा, जवळच्या नात्यातली पैदास टाळण्यासाठी तो दोन वर्षांनी दुसऱ्या गावाशी बदलून घ्यावा, मानमोडीची लस वेळेवर टोचावी आणि खुडूक बसलेल्या कोंबडीला हुसकावू नये. आमच्या महिला मंडळांना हे सहज साधेल. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शिकवले आहे की, प्रत्येक जीवजातीला तिचे स्वतःचे मोल आहे. ती केवळ आपल्या उपयोगाची वस्तू नव्हे.

शुभवर्तमानात दोन्ही पक्षी येतात. कोंबडा आरवतो तेव्हा पेत्राला आपल्या नाकारण्याची आठवण होऊन रडू कोसळते. परंतु यरुशलेमेसाठी शोक करताना प्रभू येशूने स्वतःसाठी उपमा घेतली ती पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची. डालग्याशेजारी बसलेल्या आपल्या आज्यांना ती उपमा कोणी समजावून सांगावी लागली नसेल.