दुसऱ्या खेपेचे भूत

एकदा हसवून गेलेले भूत पुन्हा कोणत्या निमित्ताने आणावे, हा प्रश्न वरवर पोरखेळ वाटतो. तथापि उत्तरभाग लिहावयास बसलेल्या प्रत्येक लेखकास तो सोडवावाच लागतो. अमेरिकेतील ‘घोस्टबस्टर्स’ ह्या चित्रपटमालिकेचा इतिहास ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

पहिला चित्रपट १९८४ साली आला. मूळ कल्पना डॅन ॲक्रॉइड यांची. त्यांच्या घराण्यातच परलोकविद्येचा नाद होता. त्यांचा पहिला आराखडा भविष्यकाळातला व निरनिराळ्या लोकांत संचार करणारा होता. दिग्दर्शक आयव्हन राइटमन यांनी तो चालू काळातील न्यूयॉर्क शहरात उतरविला आणि हॅरल्ड रेमिस सहलेखक झाले. भुते अद्भुतच राहिली. पण ती पकडणारांस घरावरील कर्ज, गिऱ्हाइकाचे बिल आणि सरकारी निरीक्षक चुकले नाहीत. खरे हसू तेथेच पिकले.

उत्तरभागाच्या वेळी हाच झगडा पुन्हा झाला. ॲक्रॉइड यांच्या पहिल्या मसुद्यात नायिकेला स्कॉटलंडला पळवून नेले जाते व तेथे भूमीखाली एक अज्ञात संस्कृती आढळते. ही कल्पना फार दूरची म्हणून सोडण्यात आली. तिच्यातील भुयार मात्र राहिले. महानगरातील माणसांच्या द्वेषाचे व संतापाचे काही परिणाम झालेच पाहिजेत, हा विचार रेमिस यांनी पुढे मांडला. दोहोंच्या मिलाफातून १९८९ च्या चित्रपटातील ती चिकट द्रवाची नदी निघाली. ती शहराच्या पोटातून वाहते आणि नागरिकांच्या रागावर पोसते.

आम्हां वकिलांस त्यातील न्यायालयाचा प्रवेश विशेष रुचतो. मनाई हुकूम मोडून भर रस्ता खणल्याबद्दल आमचे भूतपकडे आरोपीच्या जागी उभे असतात. कायदा भुतांचे अस्तित्व मानीत नाही, असे न्यायाधीश प्रारंभीच बजावतात. पुढे ते जसजसे संतापतात तसतसा मुद्देमाल म्हणून ठेवलेला द्रव उकळू लागतो. आणि त्यांनीच देहान्त शासन दिलेले दोघे भाऊ त्यातून प्रकट होतात! मनाई हुकूम तत्काळ रद्द होतो. येथे भूत परक्या मुलखातून आणावे लागले नाही. त्याचे मूळ न्यायासनावरच्या माणसाच्या क्रोधात व गतकृत्यात आहे.

पुढे ॲक्रॉइड यांनी मॅनहॅटनच्या नरकरूपी प्रतिकृतीची कथा रचली. ती पडद्यावर आलीच नाही. २०१४ साली रेमिस निवर्तले. २०२१ साली राइटमन यांचे पुत्र जेसन यांनी जो चित्रपट केला, त्यात रेमिस यांनी रंगविलेला संशोधकच दिवंगत आजोबा म्हणून परततो. अखेरीस तो निःशब्दपणे दुरावलेल्या मुलीची समजूत काढतो. पितृपक्ष पाळणाऱ्या आमच्या वाचकांस हे भूत परके वाटू नये.

सारांश, ह्या मंडळींनी दूर देशी, भविष्यात आणि नरकात जाऊन पाहिले; पण पडद्यावर टिकले ते घरचे भूत. आपल्याच क्रोधातून किंवा आपल्याच मृतांतून जे उठते, त्याला पाहून प्रेक्षक भितो आणि स्वतःलाच हसतो. नवा उत्तरभाग रचू पाहणाराने प्रथम आपल्या पात्रांचे कोणते देणे चुकते व्हावयाचे राहिले आहे हे पाहावे. भुताला यावयास तेवढे निमित्त पुरते.