राबाची राख आणि युरियाची गोळी

आसनगाव म्हटलं की ट्रेकर मंडळींना माहुली आठवतो. मला आठवतात लोकलच्या खिडकीतून दिसणारी भाताची खाचरं. शहापूर तालुक्यात तानसा आहे (१८९२ चं), भातसा आहे. पाणी जातं मुंबईला, आणि बहुतेक भात अजून पावसाच्या भरवशावर!

या भागात पेरणीआधी राब भाजायची जुनी रीत. रोपाच्या जागेवर डहाळ्या, पालापाचोळा, शेण, वर मातीचा थर, आणि द्यायचं पेटवून. तणाचं बी जळतं, राखेतून पोटॅश मिळतं. इंग्रजांच्या वनखात्याला मात्र यात फक्त जंगलाची नासाडी दिसली. डहाळ्या तोडायला बंदी म्हणजे रोपाचं खत बंद, इतका सरळ हिशोब. तक्रारी एवढ्या वाढल्या की १८८५ मध्ये ठाणे-कुलाब्यासाठी सरकारला बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं.

पुढे युरिया आला. गोणी फोडा, फेका, झालं काम. पण इथली खाचरं पायऱ्यांसारखी. मोठी सर आली की पाणी बांधावरून खालच्याच्या शेतात, आणि विरघळलेला युरियाही त्याच्याबरोबर. शिवाय बराचसा अमोनिया होऊन हवेत उडतो. आमच्या धंद्यात याला मेमरी लीक म्हणतात.

यावर डॉ. नारायण सावंतांनी बसवलेली चारसूत्री पद्धत मला फार आवडते. सावंत अमेरिकेत अलाबामाच्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात काम केलेले शास्त्रज्ञ. पण पहिलं सूत्र काय, तर रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख! म्हणजे झाड न तोडता राबच की. शिवाय सिलिकॉनमुळे रोप कणखर होतं. दुसरं सूत्र गिरीपुष्पाचा पाला, तिसरं ठरावीक अंतरावर लावणी. चौथं म्हणजे युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची ब्रिकेट, चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. खालच्या चिखलात हवा नसते, त्यामुळे नत्र तिथेच अमोनियम होऊन मातीला धरून राहतं आणि मुळं लागेल तसं उचलतात. खत मातीच्या गोळ्यात भरून पुरायची ही कल्पना जपान्यांनी आधीच वापरली होती. बांगलादेशात तिला गुटी युरिया म्हणतात.

अडचण एकच, पण मोठी. गुंठ्याला ६२५ गोळ्या, म्हणजे एकरी २५,००० वेळा हात चिखलात. तेही लावणीच्या दिवशीच, जेव्हा अख्ख्या गावाला एकाच वेळी माणसं हवी असतात.